सातशे गावांचं एकच दप्तर

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचं विभाजन होऊन हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. हिंगोली, कळमनुरी आणि वसमत हे निजामी काळापासूनचे तालुके, औंढा नागनाथ आणि सेनगाव हे त्या मानाने नवे. असे पाच तालुके आणि सातशेच्या आसपास गावं नव्या जिल्ह्याच्या वाट्याला आली. कचेऱ्या थाटल्या गेल्या, पाट्या बदलल्या. मात्र ज्या कागदांवर इथल्या शेतकऱ्याचं जगणं टेकलेलं असतं, ते कागद जिल्ह्याच्या ठिकाणी कधी नव्हतेच. कोणत्या गटात किती जमीन, ती कुणाच्या नावावर, तिच्यावर कोणत्या सोसायटीचा बोजा, विहिरीत कुणाचा हिस्सा, यंदा सोयाबीन पेरलं की कापूस, ही सगळी माहिती गावोगावच्या तलाठ्याच्या दप्तरात, हाताने लिहिलेल्या नोंदवह्यांत होती. एका गावाची वही एकाच ठिकाणी. ती पाहायची तर तलाठ्याला गाठायचं, आणि एका सज्जाला तीन-चार गावं जोडलेली असल्याने तलाठी आज कुठल्या गावी आहे हे आधी कोतवालाला विचारायचं.

त्याच १९९९ साली रेल्वेच्या आरक्षणाची देशातली पाच मोठी संगणक केंद्रं एकमेकांना जोडून झाली. १९८६ मध्ये दिल्लीत सुरू झालेलं हे काम तेरा वर्षांत इथवर आलं होतं, आणि आता कुठल्याही शहरातल्या खिडकीवरून कुठल्याही गाडीतली जागा घेता येणार होती. एक जागा दोघांना विकली जाऊ नये, ही त्या यंत्रणेची मुख्य चिंता. शेताच्या नोंदीची चिंताही तीच. पण बर्थ एका रात्रीचा असतो, शेत पिढ्यांचं. गाडी सुटली की आरक्षणाचा तक्ता निकाली निघतो. शेताच्या नोंदीमागे मात्र दीडशे वर्षांच्या वाटण्या, गहाणखतं, कोर्टकज्जे आणि कारकुनी चुका उभ्या असतात. एकच नोंद दूरदूरच्या अनेकांनी एकाच वेळी पाहायची, आणि ठरलेल्या मोजक्या माणसांनीच ती बदलायची, ही कल्पना हिंगोलीच्या शेतापर्यंत पोचायला म्हणूनच रेल्वेनंतर आणखी जवळपास दोन दशकं लागली.

त्या दप्तराचा वारसाही साधा नव्हता. मराठवाड्याचा हा कोपरा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी करून संस्थानाचा महसुली कारभार नव्याने बांधायला घेतला आणि पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी सुरू झाली. १८८० च्या दशकात दरबारी कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. त्यामुळे वरच्या कचेरीतले कागद उर्दूत, तर गावच्या पटवाऱ्याचं लिखाण अनेकदा मोडीत. साल लिहायचं ते फसली, म्हणजे महसुली कालगणनेचं. संस्थान भारतात आणणाऱ्या पोलीस कारवाईनंतर नव्या राजवटीने जमिनीच्या हक्कनोंदीचा जो विनियम काढला, त्याच्याही नावात १३५८ फसली हेच साल आहे. त्याच वर्षी जहागिरी संपवणारा विनियम निघाला, १९५० मध्ये हैदराबादचा कूळ कायदा आला, १९५४ मध्ये इनामं रद्द करणारा कायदा झाला. १९५४-५५ च्या सुमारास गावोगाव खासरा पाहणी होऊन जमीन प्रत्यक्ष कुणाच्या वहिवाटीत आहे याची पत्रकं तयार झाली. आजही मराठवाड्यात जमिनीचा जुना वाद उकरला गेला की वकील पहिल्यांदा खासरा पत्रकाची नक्कल मागवतात.

१९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा. तो १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आला, आणि १९७१ मध्ये हक्कनोंदणीचे नियम आले. यानंतर हिंगोलीचा आणि पुण्याचा सातबारा एका साच्यातला झाला. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख, बारा ही पिकांची नोंद, आठ-अ हा खातेदाराचा उतारा, सहा ही फेरफार नोंदवही. या नमुन्यांची मांडणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत एफ. जी. एच. अँडरसन या आयसीएस अधिकाऱ्याने महसुली हिशोबांच्या मॅन्युअलमध्ये घालून दिली होती. महसूल खात्यात ते पुस्तक अजून ‘अँडरसन मॅन्युअल’ याच नावाने ओळखलं जातं.

या नमुन्यांकडे जरा थांबून पाहायला हवं. सातबारावर प्रत्येक नावाशेजारी वर्तुळात एक आकडा असतो. तो फेरफाराचा क्रमांक. हे नाव इथे का आलं, ते खरेदीखताने की वारसाने, याची हकीकत सातबारावर पुन्हा लिहीत नाहीत. आकडा फक्त सहा नंबरच्या वहीकडे बोट दाखवतो. खाते क्रमांक आठ-अकडे नेतो, गट क्रमांक नकाशाकडे. १९७० मध्ये, म्हणजे आपले हक्कनोंदणीचे नियम यायच्या आदल्याच वर्षी, आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत एडगर कॉड या गणितज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. मोठा माहितीसाठा अनेकांनी मिळून वापरायचा असेल तर तो साध्या तक्त्यांत मांडावा, एक गोष्ट शक्यतो एकदाच लिहावी आणि तक्ते एकमेकांना क्रमांकांनी जोडावेत, हा त्याच्या विचाराचा गाभा. आज जगातले बहुतेक व्यवहारी डेटाबेस त्या निबंधाच्या पायावर उभे आहेत. महसुलाच्या कारकुनांनी ही शिस्त शाईने आणि रूळपट्टीने आधीच पाळली होती, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. त्यांच्याकडे कमी होती ती एकच गोष्ट: वही एक, आणि ती एका वेळी एकाच माणसासमोर उघडता येणार.

संगणक आला तो मात्र दप्तराची नक्कल करायला. केंद्र सरकारने १९८८-८९ मध्ये भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रायोगिक म्हणून सुरू केली, त्यात महाराष्ट्रातून वर्धा होता. नव्वदीच्या दशकात आणि पुढे २००० नंतर राज्यभर तालुक्याच्या ठिकाणी सातबारे टंकून घेण्याचं काम चाललं. तहसील कचेरीतला एक संगणक, त्यात त्या तालुक्याची गावं, आणि टंकणारे हात बहुधा असे की ज्यांनी कधी फेर ओढलेला, म्हणजे वहीत फेरफार नोंदवलेला, नव्हता. एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर होताना दशांश चिन्ह सरकलं. ‘इतर हक्क’ या रकान्यात गर्दी फार म्हणून काही ओळी गळल्या. आणि त्या रकान्यात बहिणीचं नाव असतं, विधवा भावजयीचा पोटगीचा हक्क असतो, कुळाचं नाव असतं. नेमकी ज्यांच्या हाती दुसरा कागद नाही अशी माणसं.

मुख्य अडचण तर पुढेच होती. तहसीलमधून छापील उतारा मिळू लागला, पण गावात तलाठ्याची वही चालूच राहिली. नवा फेरफार वहीत पडायचा. संगणकात तो कधी पोचेल याचा नेम नव्हता. एकाच गटाचे दोन सातबारे तयार झाले आणि दोन्ही खरे मानले जात होते. बँकेत एक दाखवायचा, कोर्टात दुसरा. केंद्रीय साठा म्हणजे सगळं एका ठिकाणी गोळा करणं, एवढाच अर्थ घेतला की असं होतं. दुसरी प्रत बंद करण्याचा निर्णय त्याहून अवघड असतो, आणि तो महाराष्ट्राने बरीच वर्षं घेतला नाही.

शेजारच्या कर्नाटकाने तो घेतला. राजीव चावला या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने तिथे ‘भूमी’ प्रकल्प उभा राहिला आणि २००२ पर्यंत सर्व १७७ तालुक्यांत पोचला. त्यात बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हेही होते, हिंगोलीसारखेच जुन्या हैदराबाद संस्थानातले, तसाच उर्दू-फसली वारसा असलेले. तालुक्यात संगणकाची खिडकी सुरू झाली की त्या तालुक्यातला हाताने लिहिलेला उतारा बेकायदा ठरवायचा, हा तिथला नियम. शेतकऱ्याने पंधरा रुपये द्यावेत आणि उतारा घ्यावा. नोंद बदलणाऱ्या अधिकाऱ्याने बोटाचा ठसा देऊनच आत शिरावं. साठा तेव्हा तिथेही तालुक्यापुरताच होता. पण एका नोंदीची एकच खरी प्रत, हे तत्त्व ठाम होतं.

महाराष्ट्रात ते तत्त्व उतरलं ‘ई-फेरफार’मधून. २१ ऑगस्ट २००८ रोजी केंद्राने राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम मंजूर केला, आणि पुण्याचं जमाबंदी आयुक्त कार्यालय व राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे पुण्यातले तंत्रज्ञ यांनी मिळून नवी प्रणाली बांधली. दस्तनोंदणीची आय-सरिता ही मध्यवर्ती प्रणाली २०१२ पासून आकाराला आली होती. ई-फेरफार तिला जोडायचं होतं. २०१० च्या दशकाच्या मध्यापासून तालुक्यांमागून तालुके या प्रणालीत आले आणि हिंगोलीचे पाचही तालुके त्यात ओवले गेले. तालुक्यातल्या संगणकांवर विखुरलेला साठा राज्याच्या डेटा सेंटरकडे गेला. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आला. तलाठ्याच्या खांद्यावरच्या दप्तरात लॅपटॉप, डिजिटल स्वाक्षरीचं टोकन आणि बोटाचा ठसा घेणारं यंत्र आलं.

व्यवहार कसा चालतो ते पाहिलं म्हणजे या बदलाचा आवाका कळतो. वसमतच्या दुय्यम निबंधकांकडे खरेदीखत नोंदलं गेलं की त्याची माहिती ऑनलाइन तहसीलच्या फेरफार कक्षात येते. तिथून ती त्या गावच्या तलाठ्याच्या लॉगिनमध्ये पडते. तलाठी फेर ओढतो, नमुना नऊची नोटीस हितसंबंधितांवर बजावतो आणि चावडीवर डकवतो. हरकतीसाठी पंधरा दिवस. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. त्या क्षणी सातबारा बदलतो आणि राज्यात कुठूनही पाहिला तरी बदललेलाच दिसतो. हरकत आली तर सुनावणी. नायब तहसीलदार या साऱ्यावर ‘डीबीए’ (डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर) म्हणून देखरेख ठेवतो. महसुली उतरंडीतल्या जुन्या पदाला असं संगणकातलं नाव मिळालं, आणि आता तालुक्यात ते कुणाला नवलाचं वाटत नाही.

तलाठी लिहिणार, मंडळ अधिकारी तपासणार, ही विभागणी अधिनियमाच्या कलम १५० मध्ये आधीपासून होती. वहीच्या काळात मात्र दोघांच्या लिखाणात महिने जायचे, आणि मधल्या काळात त्या शेताचा दुसरा व्यवहार झाला तर तो करणाऱ्याला पहिल्याचा पत्ता नसायचा. २०२० मध्ये सातबाराचा नमुना सुधारला तेव्हा त्यावर शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व तारीख आणि ‘प्रलंबित फेरफार’ दिसू लागला. ही छोटीशी ओळ फार मोलाची आहे. नोंद बदलण्याच्या वाटेवर आहे हे पुण्यात कामाला गेलेल्या भावाला, नांदेडच्या बँकेला आणि हैदराबादेत बसलेल्या खरेदीदाराला एकाच वेळी कळतं. विखुरलेल्या लोकांनी एक नोंद वाटून घ्यायची तर नोंद खरी असणं पुरत नाही. ती पक्की झाली आहे की अजून वाटेत आहे, हेही तिच्यावरच लिहिलेलं असावं लागतं.

पण साठ्यातल्या चुकांचं काय? या इतिहासातलं सगळ्यात कष्टाचं पान तेच आहे, आणि ते कुठल्याही यंत्राने लिहिलेलं नाही.

टंकलेल्या सातबाऱ्यांची हस्तलिखिताशी तुलना सुरू झाली तेव्हा चुका गटागणिक निघाल्या. चूक दुरुस्त करायला ‘एडिट’ आणि मग ‘री-एडिट’ अशा सोयी प्रणालीत उघडल्या गेल्या. महसूल खात्यातला त्या काळचा परवलीचा शब्द होता ‘तंतोतंत’. संगणकातला सातबारा हस्तलिखिताशी तंतोतंत जुळला पाहिजे. त्यासाठी २०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडी वाचनाची मोहीम झाली. तलाठ्याने छापील सातबारे घेऊन गावात जायचं, लोकांना जमवायचं आणि गटामागून गट मोठ्याने वाचायचा: क्षेत्र, आकार, पोटखराबा, खातेदारांची नावं, इतर हक्क. ऐकणाऱ्याने चूक दिसली की सांगायचं.

चावडीवर नोंदी वाचून दाखवायची पद्धत महसुलात फार जुनी. पण यावेळी वाचलं जात होतं ते शेवटचं हस्तलिखित आणि पहिला पक्का संगणकी सातबारा, दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून. गावकऱ्यांच्या तोंडून निघणाऱ्या चुका नाना तऱ्हेच्या असत. मेलेल्या आजोबांचं नाव कंस करून वारसांची नावं चढली होती, टंकताना कंस सुटला आणि आजोबा पुन्हा मालक झाले. तिघा भावांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राहून जास्त. आणेवारी लिहिलेली, पण प्रत्येकाचं क्षेत्र नाही. नावात काना कमी, आडनाव दोन तऱ्हांनी. फेडून पंधरा वर्षं झालेला सोसायटीचा बोजा अजून उभा. एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून ‘ए.कु.मॅ.’ अशी नोंद, आणि त्या कुटुंबाचे चार संसार कधीच वेगळे झालेले. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालक कर्ता असा शेरा ज्याच्या नावापुढे, तो अज्ञान मुलगा आता नातवंडांचा आजोबा.

यातल्या काही चुका टंकणाऱ्याच्या होत्या, पण पुष्कळशा वहीतल्याच होत्या. एवढी वर्षं त्या एका कपाटात बंद राहिल्याने निभावल्या होत्या. तलाठ्याला ठाऊक, भावकीला ठाऊक, त्यामुळे काम अडत नसे. संगणकाला असं ठाऊक असणं चालत नाही. गटाचं एकूण क्षेत्र भूमी अभिलेख खात्याच्या आकारबंदाशी जुळत नसेल तर तो विसंगतीच्या यादीत ते गाव दाखवत राहतो. या याद्या संपवल्या, कलम १५५ खाली तहसीलदारांचे दुरुस्तीचे आदेश घेतले, की तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत सह्यांची घोषणापत्रं द्यायची: या गावाचे सातबारे तंतोतंत आहेत. त्यानंतरच हस्तलिखित वही बंद. हे काम राज्यातल्या सुमारे ४४ हजार गावांत आणि जवळपास अडीच कोटी सातबाऱ्यांवर झालं.

ते ज्यांनी केलं त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. दिवसा सगळं राज्य एकाच साठ्यावर लोटायचं, सर्व्हर संथ व्हायचा, पान उघडता उघडता ठसा पुन्हा मागितला जायचा. म्हणून राज्यभरातले तलाठी रात्री उशिरा आणि पहाटे काम करत. सेनगाव-कळमनुरीच्या डोंगराळ भागातल्या गावांत मोबाइलचं नेटवर्कच तुटपुंजं, तेव्हा काम तालुक्याला येऊन. लॅपटॉप, प्रिंटर आणि धड जोडणी मिळावी म्हणून तलाठी संघटनांना वारंवार आंदोलन करावं लागलं. आज त्यांच्या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालं आहे. हिंगोलीत लोक अजून ‘तलाठी साहेब’च म्हणतात.

१ मे २०१८ रोजी, महाराष्ट्र दिनी, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात खुला झाला. हिंगोली जिल्ह्याला त्या दिवशी एकोणीस वर्षं पूर्ण झाली होती. नुसता पाहण्यापुरता उतारा महाभूलेख या संकेतस्थळावर फुकट मिळत होताच; आता सहीचा, कामाला चालणारा उतारा घरबसल्या मिळू लागला. शुल्क ठरलं पंधरा रुपये, कर्नाटकाच्या भूमी प्रकल्पाइतकंच. पुढे ई-हक्क प्रणालीतून वारसनोंद, बोजा चढवणं, बोजा कमी करणं यांचे अर्ज ऑनलाइन करता येऊ लागले आणि बँकांनाही त्यात वाट मिळाली.

हे सगळं एकाच दशकात इतक्या निकडीने का झालं याचं उत्तर शेतकऱ्याच्या पिशवीतल्या कागदांत आहे. २०१७ ची कर्जमाफी ऑनलाइन अर्जावर आली, २०१९ मध्ये पीएम-किसान आलं, वर्षाअखेर दुसरी कर्जमाफी जाहीर झाली, पीकविम्याचे अर्ज दर पावसाळ्यात सेवा केंद्रांवर रांगा लावू लागले. या प्रत्येक योजनेला उतारा हवा, आणि तोही ताजा. साठा वाटून घेणारे आता केवळ तलाठी-तहसीलदार नव्हते. सेवा केंद्र चालवणारा पोरगा, विमा कंपनी, जिल्हा बँक, हळद विकायला निघालेला वसमतचा शेतकरी, ऊसतोडीला किंवा पुण्याच्या बांधकामावर गेलेलं कुटुंब, सगळे त्याच एका नोंदीवर टेकले होते. पिढ्यान्‌पिढ्या स्थलांतर करणाऱ्या या जिल्ह्याला त्याचं मोल अधिक. गाव सुटलं तरी नाव शाबूत आहे ना, हे आता मोबाइलवर पाहता येतं.

नोंद पाहणं असं सर्वांना खुलं झालं; पण १५ ऑगस्ट २०२१ रोजी त्याहून धाडसी पाऊल पडलं. टाटा ट्रस्टच्या साहाय्याने तयार झालेली आणि आधी पालघरसारख्या भागात तपासून घेतलेली ई-पीक पाहणी राज्यभर लागू झाली. नमुना बारा लिहिण्याचं काम शंभर वर्षं तलाठ्याचं होतं. त्याने बांधावर जाऊन पीक पाहावं आणि नोंदवावं, असा नियम. प्रत्यक्षात इतक्या गावांच्या इतक्या बांधांवर एका माणसाला जाणं अशक्यच होतं, आणि अंदाजाने भरलेला पीकपेरा ही जुनी तक्रार होती. आता खातेदाराने स्वतः शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, फोनने जागेचे अक्षांश-रेखांश टिपायचे आणि नोंद थेट मध्यवर्ती साठ्यात जायची. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात याचा अर्थ असा की लाखांनी मोजावे लागतील इतके लोक एका सरकारी अभिलेखाचे लेखक झाले.

रेंज नसेल तर नोंद फोनमध्ये थांबते आणि गावात आल्यावर वर चढते. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत चुकलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करण्याची मुभा आली, आणि दहा टक्के नोंदींची तलाठ्याने पडताळणी करायची असं ठरलं. ज्याच्याकडे तसा फोन नाही त्याने शेजाऱ्याच्या फोनवरून करावं. एका फोनवरून अनेक खातेदार नोंदवता येतात. ही शेवटची सोय ज्याने सुचवली त्याला गाव माहीत असलं पाहिजे.

जुन्या कागदांनीही याच काळात नवी वाट धरली. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली तेव्हा मराठवाड्यातली उर्दू आणि मोडी दप्तरं पुन्हा उघडली गेली. ती वाचणारे जाणकार शोधावे लागले, पानं स्कॅन झाली आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. पटवाऱ्याने मोडीत लिहिलेली ओळ त्याच्या गावातल्या लोकांनाही दिसत नव्हती. तिची प्रतिमा आता कुणालाही पाहता येते, वाचता येवो न येवो.

२०२५ मध्ये महसूल खात्याने ‘जिवंत सातबारा’ मोहीम घेतली. आधी बुलढाणा जिल्ह्यात, मग १ एप्रिलपासून राज्यभर. मयत खातेदारांची यादी गावात वाचायची, वारसांचा ठराव घ्यायचा, चौकशी करून फेर ओढायचा. पुढच्या टप्प्यात ए.कु.मॅ., अ.पा.क., जुनी तगाई, बंडिंगचे बोजे अशा अर्थ सरलेल्या नोंदी काढायला घेतल्या. २०१७ च्या वाचनात संगणक वहीशी जुळवला होता. आता वहीतलं जे माणसांच्या आयुष्याशी जुळत नव्हतं त्याची पाळी आली. वारसनोंद न झाल्याने ज्या विधवेला पीएम-किसानचा हप्ता किंवा पीककर्ज मिळत नव्हतं, तिच्यासाठी सर्व्हरच्या वेगापेक्षा ही मोहीम महत्त्वाची होती.

नकाशा मात्र मागे आहे. सातबारा महसूल खात्याचा, गावनकाशा आणि मोजणी भूमी अभिलेख खात्याची. दोन्हींचे साठे वेगवेगळे वाढले. भावाभावांच्या वाटण्या सातबारावर चढल्या, पण पोटहिश्शांच्या रेघा पुष्कळदा नकाशावर आल्याच नाहीत. पीक पाहणी आता केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाच्या पद्धतीने होते आणि फोटो गटाच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आत काढावा लागतो. जिथे नकाशातली रेघ आणि प्रत्यक्ष वहिवाट जुळत नाही, तिथे शेतकरी स्वतःच्या हळदीच्या सरीत उभा असतो आणि फोन त्याला गटाबाहेर दाखवतो. मग तो दोन बांध ओलांडून शेजाऱ्याच्या रानात जातो आणि तिथून आपल्या पिकाचा फोटो काढतो. गावनकाशाचं चावडी वाचन अजून व्हायचं आहे.